अष्टमीची भरती

बाबा, तुम्ही समुद्र कधी पाहिलाच नव्हता, हे तुम्ही गेल्यावर मला आईकडून कळलं. इतकी वर्षं हिंगणीच्या शाळेत तुम्ही भूगोल शिकवला आणि लाटांचा धडा आला की पोरांना बोर धरणाच्या काठावर न्यायचात. मी आणि माझा धाकटा भाऊही त्या पोरांत असायचो. तुम्ही पळसाचं फूल पाण्यावर सोडता, पलीकडे दगड टाकता. लाटा फुलाखालून सरकत आमच्या पायांपर्यंत येतात, फूल मात्र तिथंच वरखाली होत राहतं. तुम्ही म्हणता, "लाट आली आपल्याकडे, पन पानी आलं काय? पानी जिथल्या तिथंच हाये." समुद्रावर हा दगड वारा टाकतो, एवढाच फरक, असं तुम्ही सांगायचात. धाकट्याला हे फार आवडायचं. घरी आल्यावर बादलीत कागदाचे तुकडे टाकून तो आईला तेच दाखवत बसे.

मोठेपणी तो वर्ध्यात मोबाईलच्या दुकानात लागला, आणि तुम्ही गेल्यावर आम्ही वर्ध्यालगत सिंदी मेघेला राहायला आलो. तीन वर्षांमागे कोजागरीच्या सुट्टीत तो दोस्तांसोबत कोकणात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने व्हिडिओ कॉल केला. गुडघाभर पाण्यात उभा राहून आईला लाटा दाखवत होता. म्हणाला, "आई, पाह्य ना, बाबा सांगत होते तसंच हाये." आई त्याला बाहेर निघ म्हणत राहिली. त्याने हसून फोन एका दोस्ताकडे दिला आणि पुन्हा आत गेला.

पुढचं मला त्या गावच्या कोळ्यांनी समजावलं. खोल समुद्रात लाट पाण्याला पुढं नेत नाही, हे खरंच. पण किनाऱ्याशी लाट फुटते, तेव्हा पाणी वाळूवर चढतं, आणि चढलेलं सगळं पाणी परत जायला वाट शोधतं. जिथं तळ खोल असतो तिथून ते जोरात आत ओढलं जातं. तिथं लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं, म्हणून नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. धाकटाही तिथंच उतरला. पवनारला धाम नदीत पोहायला शिकलेला तो, सरळ काठाकडे हात मारत राहिला. अशा वेळी आधी आडवं पोहून त्या ओढीतून बाहेर पडायचं असतं, हे त्याला कोण सांगणार होतं? बाबा, हे तुमच्या पुस्तकात नव्हतं. मी नंतर ते पुस्तक शोधून पाहिलं. तुमच्यावर रागवायला काही तरी मिळावं म्हणून पाहिलं, आणि मिळालं नाही.

आई आणि मी तिथं पोचलो तेव्हा समुद्राला उधाण होतं. तो सापडला नव्हता. भरतीसोबत परत येईल, असं लोक म्हणत, म्हणून आम्ही प्रत्येक भरतीला किनाऱ्यावर जाऊन बसायचो. भरती रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा यायची, कारण चंद्रच तेवढा उशिरा उगवायचा. चंद्र झिजत चालला तसं पाणीही वाळूवर कमी कमी चढू लागलं. आईच्या ते लक्षात आलं. तिने विचारलं, "काऊन कमी येऊन राह्यलं पानी?" मी तिला तुमच्याच शब्दांत सांगितलं, की पौर्णिमा-अमावस्येला सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, अष्टमीला आडवे-उभे ओढतात, म्हणून जोर राहत नाही. तिने बोटांवर तिथी मोजल्या. मग म्हणाली, "मंग दिवाळीच्या अमावस्येले मोठं येईन. तवरोक थांबू." मी हो म्हटलं. पण अष्टमी झाली, पोलिसांनी काही कळलं तर फोन करू म्हणून सांगितलं, आणि मामा आम्हाला घेऊन आले. फोन आला नाही. दिवाळीच्या दिवशी आई इथं, सिंदी मेघेच्या अंगणात, सकाळपासून पश्चिमेकडे तोंड करून बसली होती.

आताही ती रोज चहा घेताना विचारते, "आज भरती कितीले हाये?" मी मोबाईलवर त्या किनाऱ्याची वेळ पाहून सांगते. डॉक्टर म्हणतात, तिला असं सांगत जाऊ नका, यातून ती बाहेर पडणार नाही. बाहेर पडून ती कुठं जाणार, ते मात्र ते सांगत नाहीत. आता काही मिळायचं नाही, हे तिलाही कळतं. तरी ती विचारते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, उशीखालीही ठेवायचं नाही. लिहून झालं की फाडेन. एवढंच सांगायचं राहिलं, बाबा, की परवा आई विचारायचं विसरली. चहा झाला, जेवण झालं, दुपार गेली. मी वाट पाहत होते. शेवटी मीच तिच्याजवळ जाऊन बसले आणि आज भरती केव्हा आहे ते तिला सांगितलं.