नापासाचा दाखला

४ मे

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग आहे आणि रागही तितकाच मोठा आहे, हे आधी सांगून टाकते.

तुझे छताला लावायचे बोर्ड दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या, असं तू माझ्या साहेबांना फोन करून सांगितलंस म्हणे. माझ्या पाठीमागे! लाज कशी वाटली नाही रे? साहेब हसले आणि फोन माझ्या टेबलावर आणून ठेवला. सगळ्या प्रयोगशाळेसमोर माझी शोभा झाली.

निकाल ऐक. तुझ्या बोर्डाचे दोन तुकडे यंत्रात घातले. मधे गरम पत्रा, त्याच्या दोन्ही बाजूंना तुझे तुकडे, त्यांच्या बाहेरच्या अंगांना थंड पत्रे, आणि बोर्डातून किती उष्णता पलीकडे जाते ते मोजायचं. नात्याचं काम म्हणून साहेब स्वतः शेजारी बसले होते. आकडा ०.०४ च्या आत हवा. तुझा आला ०.०५३. म्हणजे छताला लावलास तर ऊन सरळ खाली. कापसाच्या चोथ्याला तू जी खळ लावतोस, ती हवेतली ओल पिते आणि ओला बोर्ड उष्णता अडवत नाही. खळ बदल, मग परत पाठव.

आईला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, पण साहेबांना फोन बंद.

तुझी
चिमी

९ मे

चि. चिमीस,

अ. आ. मोठा आहे म्हणून आशीर्वाद द्यावे लागतात, नाहीतर आज दिले नसते.

तुझं पत्र आईसमोर मोठ्याने वाचलं. तिलाही कळू दे लेकीचे प्रताप. बाई, तू यंत्रापुढे बसून आकडे सांगतेस, इथे मी चोथ्याच्या धुळीत खोकतोय. खळ बदल म्हणे! काय चहातली साखर आहे? हॉस्पिटलच्या तान्ह्या बाळांच्या वॉर्डाचं छत मला मिळालंय. ठेकेदार दाखल्यासाठी रोज दारात येतो. हे काम गेलं की माझा कारखाना बंद, मग तुझ्या त्या शून्य-दशांशाची आरती ओवाळत बसू का?

आपल्या घरातसुद्धा आईच्या खोलीवर हेच बोर्ड आहेत. दोन उन्हाळे झाले, तिने कधी हूं की चूं केलं नाही.

नवे तुकडे पाठवतोय. आईने स्वतः प्लास्टिकमध्ये बांधलेत. या वेळी मोजण्याआधी तुकडे दिवसेंदिवस हवेत ठेवण्याचं ते तुझं नाटक नको, आले की लगेच मोज. साहेबांशी बोललोय. हो, परत बोललो.

राग ओसरला की लोभ करीन.

दादा

२४ मे

दादा,

मायना लिहायचीसुद्धा इच्छा नाही.

तुझ्या घाईपायी साहेबांनी तुकडे पुडीतून काढले तसेच यंत्रात घालायला लावले. आकडा आला ०.०३९. पास! साहेबांनी लगेच तुला फोनवर सांगून टाकलं. मीही खूश झाले, वेडी! मग यंत्रातून काढून वजन केलं तर तेवढाच तुकडा पहिल्यापेक्षा कितीतरी हलका. तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी आम्ही नमुना आधी खोलीच्या हवेत ठेवतो, वजन हलायचं थांबलं की मगच मोजतो. तसा ठेवला, तर पठ्ठ्या रोज जड होत गेला. पुन्हा मोजला, ०.०५२.

म्हणजे तू तो भाजून, कोरडा ठणठणीत करून पाठवलास. सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांत धूळ! वॉर्डात रोज फरशी पुसतात, पाणी उकळतात, तिथे तो काय कोरडा राहणार आहे? मी सही करणार नाही. माझं नाव टाकलंस तरी नाही.

चिमी

२९ मे

चि. दोघांस,

आशीर्वाद आहेतच, पण दोघांच्याही एक-एक कानाखाली द्यावीशी वाटते.

चिमे, दादाला उगाच चोर ठरवू नकोस. ते मी केलं. ओल ओल म्हणून तू लिहिलंस, मला वाटलं, ओलच काढायची ना? तुमचे शाळेचे ओले शर्ट मी इस्त्रीनेच वाळवत होते. तशी कपडे झाले की रोज त्या तुकड्यांवर इस्त्री फिरवली. चांगले वाफाळले. मग घट्ट बांधले. त्याला पत्ता नाही. त्यात फसवणूक होते हे मला कुणी सांगितलं होतं? मला कोण काय सांगतं या घरात!

आणि दादा, माझं नाव घेऊन फुशारक्या मारणं बंद कर. ती खोली भट्टी आहे. दुपारी मी बाहेर जिन्यात बसते, तू कारखान्यात असतोस. तू इतक्या हौसेने छत केलंस, माझ्याच्याने बोलवलं नाही. पण आता गप्प बसणार नाही. मला तोंड होतं तरी मी बोलले नाही. त्या तान्ह्यांना तर बोलताच येत नाही.

सांभाळून राहा, आणि भांडायचं तर समोर येऊन भांडा.

आई

२ जून

चि. चिमीस,

अ. आ.

आईचं पत्र मलाही टपालाने आलं. एकाच घरात राहून! भर दुपारी तिच्या खोलीत जाऊन दार लावून बसलो. थोड्याच वेळात अंगावरचा शर्ट पिळून काढायची वेळ आली. बाहेर येऊन तिच्यावर ओरडलो, की दोन वर्षं मूग गिळून का बसलीस. ती माझ्या दुप्पट ओरडली. मग मी शिडी लावली आणि सगळं छत उचकटून काढलं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. चोर ठरवलंस ते मी विसरणार नाही. पण ते नंतर बघू.

साहेबांनी फोनवर पास सांगितलं, त्या जोरावर ठेकेदाराने माल केव्हाच उचललाय. परत दे म्हणालो, तर बहिणीचा आकडा पास आहे, तू आता मधे पडू नकोस म्हणतो. वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, कागद दाखवा, लगेच थांबवते. कागद माझ्याकडे कुठला?

चिमे, नापासाचा दाखला दे. मोठ्या अक्षरात लिही, माझ्या कारखान्याच्या नावासकट. टपालाने पाठवू नकोस, हे पत्र घेऊन आलेल्या ड्रायव्हरच्याच गाडीत बसून स्वतः घेऊन ये. तू येईपर्यंत मी वॉर्डाच्या दारात आडवा बसलोय.

दादा