उंदरांच्या खाण्यातलं सोयाबीन

प्रिय मार्लिस,

फोनवर सांगितलं असतं तर तू हसून विषय बदलला असतास, म्हणून लिहितेय. माझी दोन वर्षं पाण्यात गेली. उंदीर म्हातारा व्हायला तेवढी लागतातच, त्याला घाई करता येत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. उंदरांच्या म्हाताऱ्या माद्यांचे बीजकोश काढायचे, अर्ध्या जणींना इस्ट्रोजेन द्यायचं, अर्ध्यांना नुसतं तेल, आणि मग मूत्राशयाचं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पाळी जाऊन इस्ट्रोजेन आटलं की अस्तर पातळ होतं, पेशींमधले सांधे ढिले पडतात, जंतू आत शिरून दडून बसतात. ते दिलं की सांधे पुन्हा आवळतात, हे मला दाखवायचं होतं. दिसलं काय? दोन्हीकडे सारखंच! तेलवाल्या म्हाताऱ्यांचं अस्तरही धट्टंकट्टं. तीन आठवडे डोकं खाजवलं. मग पिंजऱ्यांकडे बघणारा ड्वेन शांतपणे म्हणाला, "नेहमीचं खाणं मिळेना, म्हणून साधं मागवलं. आवडीनं खातायत की!" साधं म्हणजे सोयाबीनचं. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखं काम करणारं द्रव्य असतं, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं, तर त्यानं मागणीचा कागद पुढे केला. "सही तुझीच आहे, कोरीन." न वाचता केलेली. असा संताप आला स्वतःचा!

परवा चर्चमध्ये तुझी मैत्रीण अर्डिस भेटली. म्हणाली, "मार्लिसनं गाणं सोडलं बाई. दर दोन स्तोत्रांनी उठून जावं लागायचं, लाजली बिचारी." जानेवारीत लघवीच्या जंतुसंसर्गानं तू चार दिवस इस्पितळात होतीस, तेही तिच्याकडूनच कळलं; मला तू सर्दीताप म्हणून सांगितलंस.

खरी गोष्ट आता लिहिते. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी तुला याच त्रासावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम लिहून दिलं, तेव्हा मीच म्हटलं होतं, आपल्या आईला स्तनाचा कर्करोग होता, इस्ट्रोजेनची जोखीम नको, माझे निकाल येईपर्यंत थांब. बाई सांगत होत्या की एवढंसं मलम रक्तात जेमतेम उतरतं, तुला चालेल. तू मात्र त्यांना ऐटीत म्हणालीस, "आमच्या घरात शास्त्रज्ञ आहे!" त्यांचं बरोबर होतं हे मला तेव्हाही माहीत होतं गं. मला फक्त ते आधी माझ्या उंदरांकडून ऐकायचं होतं. त्या उंदरांना चुकून मिळालं, ते मी तुला तीन वर्षं मिळू दिलं नाही. बाईंकडे गुरुवारी साडेदहाची वेळ घेतली आहे, मी गाडी घेऊन येते. तुला हवं तेवढं मला बोल, पण मलम सुरू करायचं का, असं बाई विचारतील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस.

तुझीच,
कोरीन