नागिणीची लस

अण्णा,

आज एका परिचारिकेने माझी संमती न घेता मला 'आजोबा' केले, याची नोंद आपण प्रथम घ्यावी. "आजोबा, बाही वर करा," म्हणाली. केस रंगवण्यामागचे माझे कष्ट तिच्या दृष्टीस पडले नाहीत. मी नागिणीची लस घ्यायला गेलो होतो. आता दंड ठणकतोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

तुम्हाला नागीण झाली तेव्हा अशी लस असते हे आपल्या घरात कुणाला ठाऊकही नव्हतं. बिबवेवाडीच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही सदरा काढून पालथे पडलेले आहात आणि शेजारच्या खाला वाटीत गेरू कालवून तुमच्या पाठीवर लावतायत. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला, असं सगळी बिल्डिंग सांगत होती. "याला शास्त्रात आधार काय?" तुम्ही उशीत तोंड खुपसून विचारता. "शास्त्र पाठीवर उठत नाही गुरुजी, नागीण उठते. गप पडा," खाला म्हणतात. आई रोज बॅटरी धरून मधलं अंतर बघायची. पुरळ वाळलं, तोंड-शेपूट काही जुळलं नाही, आईने शिरा केला. आम्ही सगळे त्या शेपटीवरच लक्ष ठेवून बसलो होतो.

काही वर्षांनी तुमचं विसरणं सुरू झालं. संस्कृतची शब्दरूपं शेवटपर्यंत अस्खलित; मी चहा घेऊन आलो की मात्र अदबीने विचारायचात, "आपण कोणाकडे आलात?" "तुमच्याकडेच." "मग बसा ना, चहा घ्या." पुण्यात अनोळखी माणसाला चहा विचारलात, यावरूनच दुखणं किती पुढे गेलंय ते मला कळायला हवं होतं.

आता आमचे डॉक्टर म्हणतात, ही लस घेतलेल्या वयस्कांत स्मृतिभ्रंश जरा कमी दिसतो. फ्लूसारख्या नेहमीच्या लशींबाबतही तसं काही आढळतंय. "पण लशीमुळेच, असं मी छातीठोक सांगणार नाही हं." म्हणजे तुम्ही शिकवलेला काकतालीय न्याय, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. त्याच न्यायाने तुमच्या विसरण्याचा आळ मी नागिणीवर घेत नाही. एरवी यावर तासभर वाद घातला असता. या वेळी मुकाट्याने बाही वर केली.

बायकोला सांगितलं, नागीण फार दुखते म्हणून घेतली. खरं असं, की मागच्या महिन्यात वर्गात तुमच्या आवडीचा श्लोक सांगताना पुढचा चरण आलाच नाही. मुलांना वाटलं सर परीक्षा घेतायत. त्यांनी एका सुरात म्हणून दाखवला आणि मी "शाबास" म्हणालो. परवा पुन्हा तेच झालं. हे पत्र फाडून टाकीन, तिच्या हाती लागायला नको. लस दुखणं यायच्या आधी घ्यायची असते, अण्णा. मला उशीर झालाय का, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही.