कुणाची तरी बहीण

१४ एप्रिल, दुपार

प्रिय ताई,

तुझी कंबर आता कशी आहे? आम्ही सगळे बरे आहोत. हे दाढी करताना अजून शीळ घालतात, मी अजून चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर काचा बसवते. धाकटीची नवी चाकांची खुर्ची आली. जुनीपेक्षा रुंद आहे, म्हणून न्हाणीघराची चौकट तासून घ्यावी लागली. डोळ्यांनी अक्षरं निवडायचा तिचा पडदा आता खुर्चीलाच बसवलाय. ती एकेका अक्षरावर नजर धरते, शब्द जुळतो, मग यंत्र तो बोलून दाखवतं. आवाज बातम्या देणाऱ्या बाईचा आहे. नुसतं 'पाणी दे' म्हटलं तरी कुठेतरी काहीतरी गंभीर घडल्यासारखं वाटतं.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू विषय बदलतेस. कागदावर ते जमत नाही.

अपंग मुलांसाठी आणि त्यांच्या भावंडांसाठी एक वेबसाइट आहे. धाकटीला पडद्यावर लिहायला शिकवणाऱ्या बाईंनीच ती सुचवली. एका गटात ही मुलं आपसात बोलतात, दुसऱ्यात त्यांची भावंडं. खरं नाव कुणी लावत नाही. धाकटीचं नाव मी पहिल्या गटात घातलं, आणि थोरली गेलं वर्षभर दुसऱ्यात लिहिते. मला बरंच वाटलं होतं. मग एका रविवारी ती आंघोळीला गेली आणि तिचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडाच राहिला. वाचायला नको होतं. वाचलं.

'शेजारीण' नावाने कुणीतरी तिला लिहितं. तोकडी वाक्यं, एक शब्द जास्तीचा नाही. थोरलीला नकाशे काढायच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय, दूरच्या शहरात, हे तुला माहीत आहेच. ते तिने तिथे लिहिलं होतं, आणि पुढे, की घर सोडवत नाही, आईला एकटीला झेपणार नाही. त्यावर ही शेजारीण म्हणते, "जा. तुझी आई खांदा दुखतो ते लपवते. तू थांबलीस तरी लपवणारच."

माझा खांदा, ताई. घरात कुणालाच सांगितलेलं नाही. फक्त तुला सांगितलंय.

आधी मला पलीकडच्या घरातल्या बाईंचाच संशय आला. पण मोबाइलवर आलेला फोटो मोठा करून बघायलासुद्धा त्यांना मी लागते. मग मी गट सांभाळणाऱ्या बाईंना लिहिलं, ही कोण, आणि माझ्या मुलीला घराबाहेर का काढतेय? गोड उत्तर आलं. नाव सांगता येणार नाही, पण प्रत्येकाला त्या स्वतः व्हिडिओवर भेटतात. गटात यायला कुणाचं तरी भावंड असावं लागतं, आणि ती कुणाची तरी बहीण आहे, एवढी खात्री बाळगा.

कुणाची तरी बहीण. मला तर एकच आहे.

मागच्या वेळी भांडी पुसता पुसता तू म्हणाली होतीस, "एकीला तरी मोकळं सोड." मी नळ मोठा केला. ऐकू आलं होतं मला. पण थोरली गेली तर धाकटी दिवसभर भिंतीकडे बघत बसेल, हे तुला तिकडे बसून कसं दिसणार? मी फक्त तिचाच विचार करतेय.

खरं काय ते लिही. नाहीतर हे सगळं मी बंद करून टाकणार आहे.

थोरली-धाकटीची आई

२७ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. 'मी नाही. खांदा डॉक्टरांना दाखव.' माझा विश्वास बसला नाही. वाक्यं इतकी तोकडी होती, की अजिबातच बसला नाही.

शनिवारी दुपारी थोरली बाहेर गेली होती. मी जाऊन इंटरनेटच्या डब्याची वायर उपटली. स्वयंपाकघरात परत येते न येते, तोच आतून बातम्यांच्या बाई बोलल्या.

"आई. माझं वाक्य अर्धं राहिलं."

मी आत गेले. धाकटीला पडदा वळवता येत नाही, त्यामुळे काही लपवताही येत नाही. वर नाव होतं 'शेजारीण'. खाली लिहिलेलं, "तू जा. मला".

मुलींच्या पलंगांमध्ये जेमतेम हातभर जागा आहे. तिथे मी खाली बसले आणि मूर्खासारखं विचारलं, हे तुला कुणी लिहून दिलं? तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला दुकानातली गिऱ्हाइकं आठवली, चष्मा डोक्यावर असताना खिसे चाचपणारी. मग तिचे डोळे अक्षरांवरून फिरायला लागले. मी थांबले.

"मी. मीही बहीणच आहे."

मी म्हटलं, अगं, तुला तर मी पहिल्या गटात घातलं होतं. तर तिथे सगळे उपचारांबद्दलच बोलतात म्हणे, कंटाळा येतो. शिकवणाऱ्या बाईंच्या मदतीने हिने गट बदलला, आणि दोघींनी मला पत्ता लागू दिला नाही. खांद्याचं कसं कळलं, हे विचारायची गरजच नव्हती. रोज तिला उचलते मी. माझा चेहरा तिच्या चेहऱ्यापाशी असतो.

या वेळी मी विचारून वर वाचलं. थोरलीनं एकदा लिहिलं होतं, 'कधी कधी वाटतं, मी एकुलती असते तर.' मी त्या ओळीवर हात ठेवला, जणू धाकटीने ती वाचलीच नव्हती. हात काढला तर खाली शेजारणीचं उत्तर: 'मलाही वाटतं. विशेषतः ती गाते तेव्हा.'

मला हसू आलं. तीही हसली, खुर्ची हलेपर्यंत.

मग मी विचारलं, 'मला' च्या पुढे काय लिहिणार होतीस? तिने बराच वेळ घेतला.

"ते तुझ्यासाठी नाही. वायर लाव."

लावली. दार ओढून घेतलं. पुढे काय होतं ते मला अजून माहीत नाही. पण बोळात उभी असताना एक कळलं, की थोरली गेल्यावर भिंतीकडे बघत कोण बसणार होतं. तुला ते भांडी पुसतानाच कळलं असणार. म्हणून तर मला तुझा संशय आला.

आता नवाच संशय छळतोय. 'माझ्या आईच्या खांद्याचं तुला कसं कळलं?' असं थोरलीनं शेजारणीला एकदाही विचारलेलं नाही. आणि आज सकाळी धाकटीचे केस विंचरताना थोरली गात होती. मुद्दाम बेसूर, ताई. अगदी मुद्दाम.

जूनमध्ये ती जातेय. पोचवायला मी जाणार आहे. तेवढे दिवस धाकटीजवळ येऊन राहशील? खांद्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

गटात अजून ठेवणार असशील तर,
तुझी बहीण