आरसा घासला त्याची हकीकत

भावोजींना वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, ताईचा दमा आणि तुमची नवी कवळी कशी आहे ते कळवा. मी बरी आहे, म्हणजे अजून कामावर आहे. सोमवारपर्यंत.

तुमच्या शब्दावर मला दुर्बिणीच्या इमारतीत झाडलोटीला घेतलं, हे मी विसरलेली नाही (तुम्ही विसरू देता कुठे). इथले दाढीवाले साहेब एका म्हाताऱ्या ताऱ्याच्या मागे लागलेत. तो एवढा फुगलाय आणि एवढा तळपतो, की त्याला स्वतःचं अंग धरवत नाही. त्याच्याच उजेडाच्या रेट्याने वरचे थर सुटतात, लांब जाऊन निवतात, त्यांची धूळ होते आणि ती त्यालाच झाकून टाकते. मग लोकांना तारा दिसत नाही, तापलेली धूळ तेवढी दिसते. साहेब सांगत होते आणि मला सारखी तुमची आठवण येत होती (मोठेपणामुळे, दुसरं काही नाही).

तर परवा मी वरच्या खोलीत गेले. दुर्बिणीचा आरसा चांगला टेबलाएवढा, आणि त्यावर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. म्हटलं, आभाळातली धूळ शोधायचा पगार घेतात आणि नाकाखालची दिसत नाही. साबणाचं पाणी केलं, घासणी घेतली, रेटून घासला, लख्ख केला. साहेब आले, बघितलं आणि जिन्यावरच बसले. त्या आरशाला मुलामा असतो म्हणे, केसाहून पातळ. धूळ चालते, ओरखडा चालत नाही, म्हणून त्याला कोणी हातच लावत नाही. मी म्हटलं, मग आधी सांगायचं होतं. तर म्हणाले, "बाई, तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात होता ना. तुमचे भावोजीच सांगून गेले."

भावोजी, मी तो कारखाना बाहेरूनसुद्धा पाहिलेला नाही.

आता सोमवारी मोठ्या साहेबांपुढे उभं राहायचंय. नोकरी गेली तर खोलीही जाईल, आणि मग मी पेटी घेऊन तुमच्याकडेच येणार. कायमची. ताईला सांगून ठेवा.

तुमची मेव्हणी

ता. क. सोमवारी सकाळी या आणि "कारखान्याचं मीच रचलं" एवढं एक वाक्य बोला. ताईला सोबत आणा. दुसरं वाक्य सुरू झालं की ती कोपर मारेल.

आणखी एक. वाक्य पाठ करत बसू नका. मोठ्या साहेबांना मी ते कालच सांगून टाकलं. तुम्ही यायचं आणि मान हलवायची.