केल्टांचे गोत्र

डब्लिन, ओहायो
४ ऑगस्ट

चि. आसावरीस अनेक आशीर्वाद.

कागदावर लिहितोय, कारण फोनवरचं बोलणं कुलवृत्तांतात पुरावा म्हणून लावता येत नाही. तूही तसंच लिही.

घराण्याच्या कुलवृत्तांताचं पहिलं प्रकरण अखेर जमलं. आपण मूळचे केल्ट! परवा गावच्या आयरिश मेळ्यात बॅगपाइप ऐकला, लग्नातली पिपाणी आठवली आणि शंका उरली नाही. शिवाय आपले घारे डोळे. केल्ट पार तुर्कस्तानापर्यंत पसरले होते, हे तर तुझ्याच पुस्तकांत आहे. तिथवर आलेला माणूस कोकणापर्यंत येणार नाही कशावरून? बारा पानं झाली. ऑक्टोबरात पुण्याला छापायला जातील.

एक घोळ मात्र झालाय. आमच्या रुहीने इथल्याच ब्रेंडनशी लग्न ठरवलंय. पोरगा गुणी आहे, वरणभात हाताने कालवून खातो. पण त्याचे आजोबा आयर्लंडचे, म्हणजे केल्ट, म्हणजे आपल्याच मूळ पुरुषाचे. सगोत्र विवाह कसा करायचा? मी नाही म्हणून सांगितलं. रुही कोलंबसला मैत्रिणीकडे राहायला गेली. तू केल्टांवरच पीएचडी करतेस, तर माझ्या बाजूने चार ओळी लिहून दे.

काकूचा अबोला सोडला तर घरी सर्व क्षेम.

तुझा शशिकाका

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
११ ऑगस्ट

ती. शशिकाकांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कॅम्पसच्या बसमध्ये वाचलं आणि इतकी हसले, की शेजारचा उठून मागे जाऊन बसला. मग रुहीचा फोन आला. ती रडत होती, आणि मला तुमचा फार राग आला.

काका, केल्ट हे एक कुळ नव्हतंच. मध्य युरोपातल्या बऱ्याच टोळ्या, त्यांच्या मिळत्याजुळत्या भाषा, एकसारख्या तलवारी नि दागिने. काही टोळ्या तुर्कस्तानात गेल्या हे खरं, पण कोकणात त्यांची एक खापरीसुद्धा मिळालेली नाही. आयर्लंडला ती भाषा कशी पोचली यावर आमचे प्रोफेसर अजून भांडतात, पण हाडांमधला डीएनए सांगतो, की तिथले बहुतेक लोक फार जुन्या काळापासून तिथलेच. ग्रीकांनी त्यांना कधी केल्ट म्हटलं नाही. ते नाव त्यांना जेमतेम तीनशे वर्षांपूर्वी चिकटलं.

तेव्हा ब्रेंडन आपला भाऊबंद नाही आणि लग्नाला हरकत उरत नाही. पण मग तुमची बारा पानंही उरत नाहीत.

माझ्यावर रागवा, चालेल. आधी रुहीला फोन करा.

तुमची आसावरी

डब्लिन
१९ ऑगस्ट

चि. आसावरीस आशीर्वाद. (या खेपेस एकच.)

तुझ्या युनिव्हर्सिटीचा दर्जा घसरलाय. ही बारा पानं मी इथल्या महाराष्ट्र मंडळात वाचून दाखवली आहेत. आमच्या जगन्नाथरावांनी तर परवाच स्वतःचं घराणं ग्रीक असल्याचं जाहीर केलं. त्यांच्यासमोर मी काय सांगू, आम्ही आपले कोकणातलेच म्हणून?

शशिकाका

डब्लिन
७ सप्टेंबर

चि. आसावरीस अनेक आशीर्वाद.

केल्टांची बारा पानं काढून टाकली.

परवा जुना कुलवृत्तांत चाळताना तुझ्या सुवर्णाआत्याचं नाव शोधलं. एक ओळ निघाली: 'कन्या सुवर्णा, विवाहित.' माझी सख्खी बहीण, आणि पुढे काहीच नाही. आपल्यात मुलीची नोंद लग्नाशी थांबते, हे मला ठाऊक होतं. मग माझंच हस्तलिखित उघडलं. 'कन्या रुही.' बस्स. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या माणसांना बारा पानं आणि पोटच्या पोरीला दोन शब्द. फार लाज वाटली गं.

तसाच कोलंबसला गेलो. रुहीने दार उघडलं आणि इंग्लिशमध्ये सांगितलं, की ती घरी येणार नाही. मी वही काढली. म्हटलं, "तुझी बारा पानं आहेत. पहिल्यापासून सांग."

तिने वहीकडे बघितलं आणि मला आत घेतलं. मग सांगत बसली. ब्रेंडनही तिथे आला होता. त्याने चहा केला, तोही प्यायलो. त्याचे डोळे आपल्यापेक्षा घारे आहेत, पण हे मी कुठे छापणार नाही.

लग्न ऑक्टोबरात आहे, अक्षता टाकायला ये. रुहीची चार पानं लिहून झाली. उरलेली आठ मी कोरी ठेवलीत, लग्नानंतरची.

तुझा शशिकाका