वारुळाची माती, मुखेडचं पाणी

मुखेड, जि. नांदेड
२८ सप्टेंबर २०२३

श्री. रा. रा. शेषेराव दाजी यांस,
रामलिंगचा सा. न. वि. वि.

या दोन हातांनी मी आजवर कडबाकुट्टीची यंत्रं, सायकलच्या चाकावरचं कोळपं, मारुतीच्या देवळाचं दार, घरात बायकोसाठी, जगदेवीसाठी, पापडाचं मशीन (ते दोन बायकांचं काम करतं आणि चालवायला तीन लागतात, असं तिचं म्हणणं) आणि एक जपानी घाटाची तलवार बनवली. कोणत्याही कॉलेजची पायरी न चढता. हे आधीच लिहितो, कारण पोळ्याला फोनवर आपण मला ‘विळेवाला’ म्हणालात, आणि मी आपल्याला जे म्हणालो ते आमच्या बहिणीनं, अंबिकानं, स्पीकरवर ऐकलं. तेव्हापासून तलवारीचं काय ते कागदावर बोला, हा तिचा हुकूम. कागद आधी ती वाचणार म्हणे. वाच बाई, खुशाल वाच.

तर आपल्या शिकवणी क्लासच्या नव्या हॉलसाठी आपण घेतलेल्या नव्वद हजारांच्या तलवारीचे फोटो पाहिले. आपण तारीफ मागवली, मी तपासणी पाठवतो. पात्यावरची लहर लई सुंदर आहे. प्रत्येक लाट मागच्या लाटेएवढी, जणू बालवाडीच्या भिंतीवर छाप्यानं काढलेली. दाजी, खरी लहर काढत नसतात, ती येते. पाठीला जाड आणि धारेला पातळ माती थापून पातं लाल तापवायचं आणि पाण्यात घालायचं. धार झटक्यात थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते, आणि दोघींच्या शिवेवर पांढरी रेघ उमटते. आता कुणाच्या रानाची शीव इतकी सारखी असते?

मुठीवरची दोरी एका पेराला उजवी वर, पुढच्या पेराला डावी वर अशी हवी. आपल्या सगळ्या उजव्याच वर. दोरीखाली माशाचं खरबरीत कातडं असतं, आपलं प्लॅस्टिक फोटोतसुद्धा चमकून राहिलं. मुठीतली बांबूची खुंटी काढा आणि आतल्या पोलादाचा फोटो पाठवा. आत लांब, जाड पोलाद असेल तर ती तलवार. बोटभर सळई चिकटवलेली असेल तर भिंतीवरच राहू द्या, आणि खाली कुणाला बसवू नका.

लोभ आहेच, तो टिकेल असं बोलत जावं.
रामलिंग


लातूर
६ ऑक्टोबर २०२३

मेहुणे रामलिंगराव यांस,
स. न. वि. वि.

आपला तपासणी अहवाल मिळाला. परीक्षक स्वतः कोणती परीक्षा पास झाले आहेत, हा रकाना रिकामा दिसला.

खुंटी निघत नाही. ती पक्की चिकटवलेली आहे, यावरूनच बांधणीची मजबुती लक्षात यावी. तलवारीसोबत प्रमाणपत्र आहे. त्यावर लाल जपानी शिक्का आहे. आपल्या तलवारीसोबत काय आहे? आपण.

आणि लहरीबद्दल आपण बोलावं! माझ्या तलवारीवर निदान लहर आहे. आपली आरशासारखी कोरी, तिच्यात बघून भांग पाडावा. आपण फोनवर म्हणता, लहर आत आहे. माझ्या क्लासला दरवर्षी अशी मुलं येतात, ज्यांचं उत्तर आत असतं.

खंडेनवमीला आपली वस्तू इकडे आणा. दोन्ही शेजारी ठेवून पूजा करू, चार जाणती माणसं बघतील. अंबिका म्हणते, येताना खवा आणावा. हे तिचं वाक्य आहे, माझं नाही.

आपल्या लोभाची सवय झाली आहे, तो असू द्यावा.
शेषेराव


मुखेड
१४ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. अंबिकास,
अनेक आशीर्वाद. हे पत्र दाजींना दाखवू नको.

तुला म्हणून लिहितो. जुन्या कानशी तापवून जोडल्या आणि पाती घडवली. वारुळाची माती आणि कोळशाची भुकटी कालवून लावली. पहिली तीन पाती पाण्यात घातली की टिंग असा आवाज येऊन तडकली. चौथं वाचलं. पाण्यातच जागच्या जागी वाकलं, त्याला बाक मी दिला नाही. त्या आनंदात मी ते बफच्या चाकावर धरून चकचकीत केलं. दगडावर घासायचं असतं, बफनं रेघ झाकली जाते, हे मागाहून वाचलं.

आता रेघ झाकली गेली की मुळात आलीच नव्हती, मला माहीत नाही. लिंबाचा रस लावला तर असलेली वर येते. तीन वर्षं झाली, घरात लिंबं येतात आणि सरबतात जातात. माझा हात होत नाही. रेघ नसली तर दाजींचं खरं, मी लांब विळा केला.

नवरदेव नसताना तलवार घेऊन एसटीत बसता येत नाही, म्हणून जीप करून बावीसला येतो आणि लगेच परततो, इथं वर्कशॉपची पूजा आहे. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत, तेव्हा ती तुझ्याकडं राहील. फूल वाहा, कुंकू लाव. लिंबू मात्र कापू नको.

खवा आणतो. माया पातळ करू नको.
तुझा दादा


लातूर
२५ ऑक्टोबर २०२३

ती. दादास,
अंबिकेचा शि. सा. न.

खवा चांगला होता. पूजा छान झाली. जाणती चार माणसं आली, त्यांनी जेवणाची तारीफ केली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, बघते तर ओलं कुंकू दोन्ही पात्यांवर चिकटून बसलेलं. मला बाईमाणसाला काय कळतं? देवाची भांडी घासते तशा दोन्ही तलवारी राख आणि लिंबाच्या फोडीनं घासल्या. तुझं पत्र मला आठवलं, दादा, पण तोवर लिंबू कापून झालं होतं.

आधी यांची घेतली. दोन लाटा गेल्या. मला वाटलं, मळ असेल. मग सगळ्याच गेल्या. आता ती जेवायच्या ताटासारखी स्वच्छ आहे.

मग तुझी घेतली. ती काळवंडली. घाईनं धुतली, पुसली, खिडकीपाशी धरली. दादा, मुठीपासून टोकापर्यंत पांढरी रेघ आहे. सरळ न्हाई. चुलीचा धूर वाऱ्यानं हलावा तशी, कुठं वर चढलेली, कुठं धारेला टेकलेली, टोकाशी मागं वळलेली. मधे बोटभर जागी तुटली आहे. मी परत परत पुसून बघितलं, जात न्हाई. मग शिलाई मशीनचं तेल लावून ठेवली.

हे मागं चहा घेऊन उभे होते. माझ्या हातातल्या लिंबाकडं असं बघत होते, जणू मी त्यांचा पेपर फोडला.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच घट्ट आहे, काळजी नको.
अंबिका


लातूर
१ नोव्हेंबर २०२३

सन्माननीय रामलिंगराव यांस,
स. न. वि. वि.

आपल्या हातात कला आहे, हे मी नेहमीच म्हणत आलो. अंबिकेला हे आठवत नाही, पण तिला हल्ली बरंच काही सोयीनं आठवतं.

मुद्द्याचं लिहितो. हॉलचं उद्घाटन दिवाळीच्या पाडव्याला आहे. पत्रिकेत ‘जपानहून आणलेली तलवार’ असं छापून गेलं आहे. माझ्या तलवारीची अवस्था आपण जाणता. आपली तिथे लावावी, प्रमाणपत्र माझं राहील. आपल्या मुठीची खुंटी मात्र सहज निघाली. आत पोलादावर आपण ‘रामलिंग, मुखेड’ असं कोरलं आहे. तेवढं घासून काढावं लागेल. मुठीखाली ते कोणाला दिसतही नाही, तेव्हा आपलं काही जात नाही. दोन लाख एक्कावन्न हजार रोख देतो.

उलट टपाली होकारासह लोभ यावा.
शेषेराव


मुखेड
७ नोव्हेंबर २०२३

श्री. रा. रा. शेषेराव दाजी यांस,
सा. न. वि. वि.

अंबिकाचं पत्र आलं त्या दिवशी वर्कशॉप दुपारीच बंद केलं. जगदेवीनं विचारलं, डोळे लाल कशानं झाले. वेल्डिंगची चमक गेली म्हटलं. ती म्हणाली, आज तर लाइटच नव्हती.

रेघ बोटभर तुटली आहे तिथं माती थापताना माझा अंगठा सरकला होता. मला ती जागा आठवते. म्हणजे रेघ माझीच, चुकीसकट. आपल्या कारागिराची एकही चूक नव्हती, म्हणून ती राखेनं गेली.

नाव मुठीखाली दिसत नाही, हे आपलं म्हणणं बरोबर. रेघही तीन वर्षं दिसत नव्हती. मूठ काढून, नाव दिसेल अशी टांगणार असाल तर तलवार पाडव्याला फुकट ठेवा, मी स्वतः येऊन लावून देतो, फेटा बांधून. ते जमत नसेल तर रविवारी जीप घेऊन येतो. अंबिकाला म्हणावं, तेलाचं फडकं बदल.

पाहुणे रिकाम्या जागेबद्दल विचारतील, तर त्यांना जे खरं तेच सांगा. मुखेडच्या रामलिंगला त्याचं नाव खरवडून तलवार इथं टांगायचे दोन लाख एक्कावन्न हजार रोख देऊ केले होते, आणि तो न्हाई म्हणाला.

रामलिंग